एकशे सहा

डिसेंबर २००३च्या पहिल्या सोमवारी मी नांदेडहून हिंगोलीला उतरलो. काम आठ दिवसांचं होतं. एका धर्मादाय नेत्ररुग्णालयाची जिल्ह्यात पाच केंद्रं होती: सेनगाव, कुरुंदा, नरसी, औंढा आणि कळमनुरी. प्रत्येक केंद्र म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, भिंगांची पेटी आणि नोंदी करणारी एक बाई. पेशंटची नोंद तिथं व्हायची आणि तारेवरून हिंगोलीच्या मुख्य इमारतीत यायची. जुना राउटर काढून नवा बसवायचा आणि पाचही केंद्रं त्याला जोडून द्यायची, एवढंच मला करायचं होतं.

या पद्धतीला फ्रेम रिले म्हणत. आता ती कुठं राहिलेली नाही. हिंगोलीत टेलिफोनवाल्यांची एकच तार आत यायची, पण तिच्या पोटात पाच वाटा असायच्या. त्या दिसत नाहीत, प्रत्येकीला नुसता नंबर असतो. सेनगावची एकशे एक, कुरुंद्याची एकशे दोन, असं एकशे पाचपर्यंत. बैलगाडीच्या चाकाचे आरे जसे तुंब्यात येऊन बसतात तशा पाचही वाटा हिंगोलीला येऊन मिळत. आऱ्यांची एकमेकांशी ओळख नसते. सेनगावला कुरुंद्याशी बोलायचं तर हिंगोलीवरूनच, आणि तेही मी राउटरला तशी मोकळीक दिली तर. रुग्णालयाला त्याची गरज नव्हती, म्हणून ती मी दिली नाही.

राउटरची खोली पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या शेवटाला होती. तिथं अंजली नावाच्या बाई बसत. तिशीच्या, हिंगोलीच्याच, कमी बोलणाऱ्या आणि प्रत्येक गोष्ट रजिस्टरात लिहून ठेवणाऱ्या. सकाळी खोलीची किल्ली आणून देणारे वॉचमन म्हणजे भीमसिंग. त्यांना सगळे मामा म्हणत. पंचावन्नच्या पुढचे, खाकी स्वेटर, पांढऱ्या मिशा. किल्ली देताना ते रोज खोलीत एकदा नजर फिरवत आणि निघून जात. मला ती वॉचमनची सवय वाटली.

शुक्रवारी दुपारपर्यंत पाचही केंद्रं लागली. काम संपवताना मी राउटरला सगळ्या वाटांची यादी मागितली. पाच ओळी यायला हव्या होत्या. सहा आल्या.

सहावी ओळ एकशे सहाची होती. ती मी घातलेली नव्हती. पलीकडून कोणी आपला पत्ता सांगितला की राउटर तो आपणहून लिहून घेतो, तशी ती लिहिलेली होती. पुढं लिहिलं होतं की वाट चालू आहे.

अशा वेळी पहिली गोष्ट करायची ती पिंग. विहिरीत खडा टाकून आवाज यायला किती वेळ लागतो ते मोजावं, तसं हे असतं. राउटर पाच खडे टाकतो. उत्तर आलं तर उद्गारचिन्ह उमटतं, नाही आलं तर ठिपका. सेनगावहून उत्तर पस्तीस-चाळीस मिलिसेकंदांत येत असे. एकशे सहाला मी पिंग केलं तेव्हा चार ठिपके पडले आणि शेवटी एक उद्गारचिन्ह. वेळ होती एकोणीसशे चौऱ्याऐंशी मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. दोन सेकंदांच्या पुढं राउटर वाट पाहत नाही. म्हणजे उत्तरं आधीपासून येतही असतील, ऐकायला कोणी थांबत नव्हतं एवढंच.

अंजलीबाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "एकशे सहा माळतांड्याचा होता, सर."

मग त्यांनी कपाट उघडून खालच्या कप्प्यातला, तिथूनच काढून आणलेला एक छोटा राउटर दाखवला. त्याची वायर गुंडाळून वर रबरबँड लावलेलं होतं. धूळ इतकी की बोटाची रेघ उठत होती.

त्यांनी जे सांगितलं ते असं. सेनगावच्या पुढं माळावर एक तांडा आहे. तिथं सहावं केंद्र होतं. ते पुजा नावाची तांड्यातलीच मुलगी चालवायची. तेवीस वर्षांची, तांड्यातली पहिली बारावी झालेली. २००२च्या एप्रिलमध्ये एका दुपारी तिनं हिंगोलीला फोन केला की लाईन गेलीय, खांबावरून तार लोंबकळताना दिसतेय, कुठं तुटली ते बघून येते. फोन अंजलीबाईंनीच घेतला होता. ती परत आली नाही. पहिल्या खांबाशी तिच्या चपला सापडल्या. पोलीस आले, विहिरी बघितल्या. मग लोक म्हणायला लागले की कोणाबरोबर तरी पळून गेली, आणि पोलिसांनीही तेच धरलं. जूनमध्ये केंद्र बंद झालं.

"मामांची पोरगी आहे ती," अंजलीबाई म्हणाल्या. त्यांनी 'होती' म्हटलं नाही, हे मला नंतर आठवलं.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. यादी पुसली; एका मिनिटात सहावी ओळ परत आली. राउटर बंद करून चालू केला, तरी आली. शनिवारी टेलिफोनच्या कचेरीत गेलो. तिथले ग्यानोबा नावाचे तंत्रज्ञ माझ्याबरोबर बोर्डापर्यंत आले. एकशे सहा दीड वर्षापूर्वी परत केल्याचा कागद त्यांनी काढून दाखवला आणि बोर्डावरची रिकामी जागाही दाखवली. तार कुठपर्यंत आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, माळावरचं तांबं कधीच काढून नेलंय, नुसते खांब उभे आहेत.

सोमवारी सकाळी वेळ सतराशे तीस झाली होती.

लाईनच्या उत्तराची वेळ कमीजास्त होते. गर्दी असली की वाढते, मोकळी असली की घटते. ही फक्त घटत होती. मी कंपनीला कळवलं की लाईन अजून स्थिर नाही, थोडं थांबावं लागेल. ते खोटं नव्हतं. अंजलीबाईंना मी दर तासाला आकडा लिहायला सांगितलं, आणि रात्रीचे आकडे राउटरनंच साठवावेत अशी सोय केली.

आठवड्यानं आम्ही रजिस्टर घेऊन बसलो. आकडा रात्री हलत नव्हता. सकाळी साडेसहा-सातला तो घटायला लागे, दुपारी एक ते दोन तसाच राही, पुन्हा घटे आणि दिवस मावळला की थांबे. रोजची घट ऐंशी-नव्वदची. लोडशेडिंगमध्ये इमारतीतले दिवे जात, खोली बॅटरीवर चाले, पण आकड्याच्या चालीत फरक पडत नसे. एक दिवस मात्र तो सकाळभर जागचा हलला नाही. अंजलीबाईंनी समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "आज पाऊस झाला."

मी ते वाचलं आणि रजिस्टर मिटलं. मी गणिताचा माणूस आहे. पण ते आकडे पाहून जे मनात येत होतं ते गणितात बसणारं नव्हतं.

मामांना कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. अंजलीबाईंनीच असेल. एका सकाळी किल्ली देऊन ते गेले नाहीत, दारातच उभे राहिले. आज किती, असं त्यांनी विचारलं. अकराशे दहा, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते रोज विचारू लागले. आकडा ऐकून बोटांवर काही मोजत आणि खाली जात. लाईनमध्ये असे घोळ होतात, यावर काही धरून बसू नका, असं मी त्यांना एकदा समजावायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले की दीड वर्ष लोक बोलून राहिलेत पोरगी पळाली म्हणून, तिच्या आईनं, पारुबाईनं, तांड्याच्या नळावर जायचं सोडलंय. पळालेलं माणूस दुपारी सावलीला बसून परत घराकडं चालत नसतं.

वीस तारखेला रुग्णालयाचे व्यवस्थापक अमृतराव वर आले. सभ्य, नेटका माणूस. परत केलेली लाईन आपल्या यंत्रावर चालू दिसणं बरं नाही, उद्या कोणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं, तेवढी बंद करून टाका आणि मोकळे व्हा, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. खरं तर मीच ते आधी करायला हवं होतं. राउटरला आपणहून वाटा शिकू नकोस असं सांगायचं आणि एकशे सहा खोडायची. दोन ओळींचं काम.

ते गेल्यावर मी दोन्ही ओळी टाईप केल्या. दुसरीनंतर एंटर दाबायचं राहिलं होतं. मागं कोणी आहे असं वाटून वळलो, तर मामा होते.

"साहेब, तुमी हे बंद केलं तर ती मधीच ऱ्हाईल का?"

असं काही नसतं, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी एकेक अक्षर मागं खोडत ती ओळ पुसली आणि पहिलीही मागं घेतली. मामा जिना उतरून गेले. अमृतरावांना मी सांगितलं की बंद केलं आहे. नोकरीत मी बोललेलं ते एकमेव उघड खोटं.

चोवीस तारखेला मामांनी रजा घेतली. आकडा तीनशेच्या खाली आला होता. शनिवारी पोचंल, असा त्यांचा हिशेब होता. पोरगी येईल तेव्हा आईबाप घरी असावेत म्हणून ते तांड्यावर गेले. निघताना त्यांनी मिशा नीट केलेल्या होत्या आणि नवा शर्ट घातला होता.

त्या संध्याकाळी अंजलीबाई पर्स आवरता आवरता थांबल्या. "सर, हा आकडा आपण इथून मोजतो ना?"

"हो."

"मग ती तांड्याकडं निघाली, असं काहून समजायचं?"

मी स्क्रीनकडं पाहिलं. पिंग या खोलीतून जात होतं आणि उत्तर या खोलीत येत होतं. जे काही जवळ येत होतं ते माळतांड्याच्या जवळ येत नव्हतं. सगळे आरे तुंब्यातच येतात. वीस दिवस माझ्यासमोर असलेली ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मामांना ती सांगायला हवी होती. तांड्यावरच्या किराणा दुकानात फोन होता, नंबर माझ्याकडं होता. मी फोन केला नाही.

शनिवारी मी आणि अंजलीबाई सकाळपासून खोलीत होतो. दहा वाजता बेचाळीस. बाराला वीस. एकला नऊ. दोनपर्यंत नऊच. आम्ही डबा उघडला, पण कोणी नीट जेवलं नाही. खाली ओपीडी चालू होती. औषधाच्या खिडकीवर नावं पुकारली जात होती. तीनला चार.

चार वाजून दहा मिनिटांनी एक.

एक मिलिसेकंद. त्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरला पिंग केलं तर एवढा वेळ लागतो.

आम्ही दोघं दाराकडं बघत बसलो. कोणी आलं नाही. व्हरांड्यात पावलं वाजली नाहीत.

चार पंचवीसला फोन वाजला. मामा होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त फार सावकाश.

"साहेब, पोरगी आली. खांबाखांबानं चालत आली. पारुबाई पाय धुऊन राहिली तिचे."

अंजलीबाई रडल्या. माझ्या कामातून कोणाच्या घरी असं काही गेल्याचं मला आठवत नव्हतं. मी पुन्हा एकदा पिंग केलं, कशासाठी ते सांगता येणार नाही. एक.

रविवारीही एक. सोमवारी सकाळीही एक.

सोमवारी मी एसटीनं सेनगावला आणि तिथून जीपनं पुढं गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांवर आली होती. कापसाच्या शेवटच्या वेचणीला बाया वाकलेल्या दिसत होत्या. जीप फाट्यावर सोडून मी माळावरून चालत निघालो. ग्यानोबांनी सांगितलं तसे नुसते खांब उभे होते. पांढऱ्या चिनीमातीच्या वाट्या टोकावर तशाच. तार कुठंच नव्हती.

मामांच्या घरापुढं गर्दी होती. पळाली म्हणणारेही आले होते आणि खाली मान घालून बसले होते. हवालदार येऊन जबाब लिहून गेला होता. मामांनी मला बाजेवर बसवलं. आतून पुजा पाणी घेऊन आली. खरी, चालती-बोलती मुलगी. वाळलेली, उन्हानं रापलेली, टाचा फुटलेल्या. तिच्या हातून पाणी घेताना मला जे बरं वाटलं ते मी विसरणार नाही. पारुबाई दारात उभ्या राहून सारख्या तिच्याकडं बघत होत्या. त्यांनी मला सांगितलं की आल्या आल्या पोरीनं विचारलं, दुपारी घडवंचीवर इथं माठ होता तो कुठं गेला. तिच्या लेखी तार बघायला जाऊन एक दुपार झाली होती.

मी तिला फारसं काही विचारलं नाही. निघताना मामा फाट्यापर्यंत यायला उठले, तर पुजा म्हणाली, मी जाते खांबापर्यंत. आई नको म्हणत होती. तरी ती आली. पहिल्या खांबाशी ती थांबली.

"सर, तुमी हिंगोलीहून आलाव ना?"

मी हो म्हटलं.

"मी एकटी नव्हते," ती म्हणाली. "मागं एक बाई होती. मी निघाले तवापासून. माझ्या पावलात पाऊल टाकून येत होती. मधी एक वळण लागलं, तिथं मी तांड्याकडं आले. ती सरळ गेली, हिंगोलीकडं." तिनं खांबांच्या रांगेकडं हात केला. "पोचली का?"

कोण होती, असं मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. मागं वळून बघितलं नाही, ती म्हणाली. मी तिला सांगितलं की आमच्याकडं कोणी आलेलं नाही.

तिनं जरा विचार केला. "दार लावून घेत असाल तुमी. तिला वाजवता येत न्हाई."

आणि ती घराकडं वळली.

हिंगोलीला पोचायला सहा वाजले. अंजलीबाई घरी गेल्या होत्या. मामांच्या जागी असलेल्या माणसानं मला किल्ली दिली. खोलीचं दार एसीमुळं आम्ही दिवसभर लावून ठेवत असू, हे मला जिना चढताना सुचलं.

मी कुलूप काढलं आणि दार पूर्ण उघडलं. ते आपोआप लागू नये म्हणून त्याच्या खाली जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी सरकवली. ती ओढायला मला दोन्ही हात लागले. मग दिवा लावला आणि दाराकडं पाठ करून मशीनसमोर बसलो. दाराकडं तोंड करून बसणं माझ्यानं झालं नाही.

पिंग केलं. पाच उद्गारचिन्हं. एक.

व्हरांड्यातून फिनेलचा वास येत होता. खाली कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला.

पुन्हा केलं. एक.

थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसलो. पुन्हा केलं.

पाच ठिपके.

मी परत परत केलं. ठिपकेच. यादी मागितली. पाच ओळी आल्या. एकशे सहा नव्हती. मी न पुसता ती गेली होती. चोवीस दिवसांत पहिल्यांदा सगळं जसं असायला हवं तसं होतं.

रजिस्टर ओढून मी अंजलीबाईंच्या नोंदींखाली लिहिलं: सोमवार, सहा चाळीस, उत्तर नाही. सही केली. खोलीत आता कसलाच वास नव्हता, खालचे आवाजही बंद झाले होते. दिवस संपला, असं मला वाटलं. दार लावून घ्यावं म्हणून मी उठलो आणि वळलो.

बॅटरी भिंतीशी नीट सरकवून ठेवलेली होती. दार लागलेलं होतं, आणि कडी आतून घातलेली होती.